रिकामी सोडलेली ओळ

१

नोएडातल्या त्या ऑफिसात, चौथ्या मजल्यावर, शार्दूल दाबकेचा दिवस दोन गोष्टींनी सुरू व्हायचा. मशीनचा चहा आणि फेरी. चहा नुसता नावाला चहा होता. फेरी मात्र खरोखर कामाची चीज होती.

त्यांचं सॉफ्टवेअर म्हणजे एक मोठा वाडगा नव्हता, एकसष्ट लहान वाट्या होत्या. एकसष्ट पॅकेजं, प्रत्येकाचा वेगळा फोल्डर आणि प्रत्येकाचे वेगळे नखरे. बारीकशी दुरुस्ती करायची म्हटली तरी एकसष्ट दारांत जाऊन करावी लागे, आणि बत्तिसाव्या दारात माणूस कंटाळून हमखास घोळ घाली. त्यावर देविकाने ही स्क्रिप्ट लिहिली. तिला तीन ओळींची एक फाइल द्यायची: काय करायचं, कुठे करायचं, कशाच्या जागी काय ठेवायचं. ती एकेका पॅकेजात शिरून काम उरकायची आणि शेवटी किती ठिकाणी बदल झाला तो आकडा सांगायची. फेरी हे नाव देविकानेच ठेवलं होतं.

देविका सबनीस शार्दूलच्या शेजारच्या टेबलावर बसे. तिचे आजोबा सरकारी नोकरीत दिल्लीला आले ते इथेच राहिले. आई मंत्रालयात नोकरीला, राहायला सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये. शार्दूल पुण्याचा, एकटा राहणारा, स्वयंपाकाच्या नावाने शंख. त्यामुळे गेली तीन वर्षं देविकाच्या डब्यातल्या चारपैकी दोन पोळ्या त्याच्या असत. त्याबद्दल त्याने कधी आभार मानले नव्हते आणि तिने कधी तशी वाट पाहिली नव्हती.

फेरीचे तिने त्याला दोनच नियम सांगितले होते. पहिली फेरी नेहमी कोरडी मारायची. म्हणजे काय काय बदलेल ते नुसतं बघायचं, बदलायचं काही नाही. आणि ‘कुठे’ची ओळ कधी रिकामी सोडायची नाही.

“रिकामी सोडलीस ना, तर ती सगळीकडे जाते,” देविका म्हणाली होती.

“सगळीकडे म्हणजे एकसष्ट ना?”

“एकसष्ट मी मोजलेत, यार. तिला थोडंच मोजता येतंय?”

त्या मंगळवारी देविका रजेवर होती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. अकरा वाजता सिंगापूरची मोठी मंडळी व्हिडिओवर येणार होती आणि त्यांना फेरी बघायची होती. अकराला सात मिनिटं कमी असताना त्यांचा मॅनेजर राघव शार्दूलच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

“शार्दूल, ये तो तूने ही बनाया है ना?”

राघवने रोज त्यालाच फेरी चालवताना पाहिलं होतं. त्याने सहजच विचारलं. ‘नाही, देविकाने’ एवढे दोन शब्द शार्दूलच्या तोंडात तयार होते, पण बाहेर पडलं ते “हां सर.”

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होतं. होत काहीच नसतं, पण प्रत्येक पॅकेजच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं: लेखक, देविका सबनीस. आणि राघव तेच पान सिंगापूरला दाखवणार होता. शार्दूलने फाइल उघडली. काय करायचं, तर नाव बदलायचं. कशाच्या जागी काय, तर देविका सबनीसच्या जागी शार्दूल दाबके. कुठे? एकसष्ट नावं टाइप करायला वेळ नव्हता. ती ओळ त्याने तशीच सोडली. कोरडी फेरीही मारली नाही. बटण दाबलं.

अकरा सेकंदांनी आकडा आला. बदललं: ६४ ठिकाणी.

असतील तीन जुनी पॅकेजं कुठे पडलेली, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि मीटिंगमध्ये गेला. तिकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याचे कान तापले, पण कान तापलेले असतानाही माणसाला हसता येतं, आणि तो छान हसला. देविका सोमवारी आली की तिला सगळं सांगायचं, राघवलाही सांगायचं, असं त्याने मनाशी ठरवलं.

२

बुधवारी सकाळी त्याच्या मेलमध्ये फेरीचा अहवाल पडला होता. त्याने फेरी चालवलेली नव्हती. चालू कामांच्या यादीत पाहिलं, तिथेही ती नव्हती. तरी अहवाल होता, आणि त्यात आकडा होता ३१७.

त्याने यादी उघडली. पहिली एकसष्ट नावं पॅकेजांची. त्याखाली:

६२. चौथा मजला / खिडकीची रांग / टेबल १७ / वरचा खण
६३. पँट्री / कपाट / डबा
६४. रिसेप्शन / रजिस्टर / पहिला दिवस

शार्दूल मोठ्याने हसला. ही सलोनीची करणी. सलोनी समोरच्या रांगेत बसायची, पक्की दिल्लीची, आणि लोकांचे स्क्रीन उलटे करून ठेवण्यात तिचा हातखंडा होता. तो हसतच सतरा नंबरच्या, म्हणजे देविकाच्या टेबलाकडे गेला.

वरच्या खणावर देविकाने पांढरी पट्टी चिकटवून निळ्या पेनाने आपलं नाव लिहिलं होतं. पट्टी तीच होती, एका कोपऱ्यात सुटलेली, मळलेली. नाव शार्दूलचं होतं. अक्षर देविकाचं होतं. ती ‘श’ला उगाच मोठं पोट काढायची, तसं पोटसुद्धा काढलेलं होतं.

शार्दूलचं डोकं हिशेबी. अक्षराची नक्कल करता येते, पट्टी जुनी दिसेल अशी मळवता येते, असं तो मनात जुळवत पँट्रीत गेला. देविकाचा डबा सोमवारपासून कपाटात राहिला होता. स्टीलचा, तीन पुडांचा. तिच्या मुंजीचा म्हणता येणार नाही, पण बारशाचा होता. आत्याने दिलेला, आणि आपल्याकडे घालतात तसं त्यावर नाव घातलेलं. त्याने डबा उजेडात धरला. ‘चि. शार्दूल यास, बारशानिमित्त, आत्याकडून’.

पूर्वी तिथे ‘चि. देविका हिस’ होतं. हे त्याने तीन वर्षं रोज जेवताना वाचलं होतं. स्टीलवर टाकटाक करून कोरलेले ते ठिपके त्याने अंगठ्याने चाचपले. ठिपके जुने, झिजलेले होते. फेरीला फक्त नाव बदलायला सांगितलं होतं. ‘हिस’चं ‘यास’ करायला कुणी सांगितलं?

तो सलोनीकडे गेला. शक्य तितक्या साध्या आवाजात त्याने विचारलं, “देविका कब आ रही है?”

“कौन देविका?”

“सलोनी, प्लीज. सत्रह नंबर पे जो बैठती है.”

सलोनीने त्याच्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. “वो दोनों टेबल तेरे ही तो हैं. तू ही तो फैल के बैठता है.” मग म्हणाली, “तबीयत ठीक है ना?”

ती थट्टा करत नव्हती. थट्टा करताना सलोनीला हसू आवरत नाही हे सगळ्या मजल्याला माहीत होतं.

३

गुरुवारी आकडा १,९०८ झाला. त्या दिवशी शार्दूल दोनदा राघवच्या केबिनच्या दारापर्यंत गेला.

खरं सांगायचं तर त्याला करायचं काही अवघड नव्हतं. आत जायचं आणि म्हणायचं, सर, मी खोटं बोललो, फेरी माझी नाही. बाकी काय व्हायचं ते होईल. पण दाराच्या काचेत स्वतःचा चेहरा दिसला की त्याला बोलणं सुचेना. तिसऱ्यांदा राघवनेच त्याला आत बोलावलं. सिंगापूरला फेरी फार आवडली होती. सगळ्या टीमचं काम आता शार्दूलच बघणार होता.

“बोल, खुश?” राघवने विचारलं.

“सर, वो देविका...”

“कौन?”

“कुछ नहीं सर,” शार्दूल म्हणाला.

बाहेर येऊन तो जिन्यात बसला. आपण कसले आहोत हे त्याला त्या घटकेला अगदी स्वच्छ दिसलं. हे नाव आता या इमारतीत फक्त त्याला माहीत होतं. ते ज्याने पुसलं त्याच्याचकडे ते उरलं होतं.

त्याने देविकाला फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. पाचव्यांदा त्याने स्क्रीनकडे नीट पाहिलं. देविका म्हणून साठवलेल्या जागी ‘शार्दूल’ लिहिलेलं होतं आणि खाली त्याचा स्वतःचा नंबर होता. तो स्वतःलाच फोन लावत बसला होता.

रात्री त्याने गोळी घेतली आणि झोपला. शुक्रवारी तो ऑफिसला गेला, मीटिंग घेतल्या, लोकांच्या शुभेच्छा घेतल्या. अहवाल उघडलाच नाही. देविका आपल्याला भेटलीच नसेल, एकटेपणाने माणसाचं डोकं फिरतं, असंही त्याने एकदा मनाला पटवून पाहिलं. मग पँट्रीत डबा दिसला आणि ते पटेना.

४

शनिवारी सकाळी घरी, दात घासत, त्याने अहवाल उघडला. आकडा आता सहा आकडी होता. यादी त्याने शेवटाकडून वाचायला घेतली.

सरोजिनी नगर / क्वार्टर / प्रगतिपुस्तक / तिसरी ब
सरोजिनी नगर / क्वार्टर / भिंत / उंचीच्या खुणा
सरोजिनी नगर / क्वार्टर / आई

शेवटच्या ओळीत पुढे काही नव्हतं. आईचा फोन नाही, आईची डायरी नाही. नुसतं आई. शार्दूल ब्रश तोंडात धरून तसाच उभा राहिला, आणि फोन वाजला.

“शार्दूल, येतोयस ना रे?” देविकाच्या आईचा, सुहासिनीकाकूंचा आवाज होता. थकलेला, पण मायेचा. “गुडघ्याचं झालं, घरीही सोडलं, आणि तुझा पत्ताच नाही. कामं कुणाला नसतात? बिल्कुल ऐकणार नाही मी. जेवायला ये.”

“काकू, तुम्ही...” तो म्हणाला.

“काकू काय? आईला काकू म्हणायची फॅशन आली का तुमच्या ऑफिसात?” त्या हसल्या. “तोंडल्याची भाजी केलीये. ये लवकर.”

तोंडल्याची भाजी देविकाला आवडायची. शार्दूलला तोंडली अजिबात चालत नसत. त्याने लॅपटॉप पिशवीत टाकला आणि निघाला. आज फेरी उलटी फिरवायची, काकूंच्या समोर बसून फिरवायची, असं त्याने ठरवलं, आणि या खेपेला ते मनापासून ठरवलं.

मयूर विहारला मेट्रो बदलून तो सरोजिनी नगरला उतरला. बाजारात स्वेटरांचे ढीग लागले होते आणि माणसं कोपराने वाट काढत होती. त्या गर्दीत त्याला बरं वाटलं. भर दुपारी, एवढ्या गोंगाटात असलं काही होत नाही, असं त्याचं हिशेबी डोकं त्याला समजावत राहिलं. बाजार संपला, क्वार्टरांची रांग लागली, आणि आवाज मागे पडला.

५

काकूंनी काठी टेकत दार उघडलं आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. “वाळलास,” त्या म्हणाल्या.

घर दोन खोल्यांचं. पुढची खोली, मागची खोली, मध्ये पडदा, उजवीकडे स्वयंपाकघर. शार्दूल इथे दिवाळीला दोनदा येऊन गेला होता. दाराच्या चौकटीजवळ पेन्सिलने उंचीच्या खुणा होत्या. पाच वर्षं, सात, नऊ, बारा. प्रत्येक खुणेशेजारी त्याचं नाव. भिंतीवर चौकटीत शाळेतला फोटो. दोन वेण्या घातलेली, पुढचा दात पडलेली मुलगी हातात कप धरून उभी होती. खाली छापलं होतं: शार्दूल, वक्तृत्व, प्रथम.

“काकू, हा फोटो कुणाचा?”

“असं काय विचारतोस रे?” त्या पानं घेता घेता म्हणाल्या. फोटोकडे बघून त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

तेवढ्यात मागच्या खोलीत चपलांचा आवाज झाला. घरात घालायच्या रबरी चपला. चार पावलं, मग थांबणं, मग परत चार पावलं. मागची खोली तेवढीच लांब होती.

“आत कोण आहे?”

“आत कोण असणार? आपण दोघंच तर आहोत,” काकू म्हणाल्या. टेबलावर त्यांनी दोन ताटं मांडली.

पडद्यामागे नळ सुरू झाला, बंद झाला. मग पडदा थोडा सरकला. शार्दूलने बघायचं नाही म्हणून मान खाली घातली, पण माणूस मान खाली घालतो त्याच्या आधी डोळे बघून मोकळे होतात. पिवळ्या कुर्त्यातली बाई हातात पाण्याचा जग घेऊन उभी होती. तिचे ओठ हलत होते. आपण कोण ते ती सांगू बघत होती आणि तिला ते येत नव्हतं. ती पुन्हा सुरुवात करायची, पुन्हा तिथेच अडकायची.

काकू उठल्या, लंगडत गेल्या आणि फडताळावरचा घ्यावा तसा तिच्या हातातला जग घेऊन परत आल्या. बाईचे हात तसेच, जग धरल्यासारखे, पुढे राहिले.

“हात धुऊन ये,” काकू शार्दूलला म्हणाल्या.

“पाच मिनिटं,” शार्दूल म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. “ऑफिसचं एक काम राहिलंय. पाच मिनिटं फक्त.”

६

त्याने टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप उघडला. फाइल त्याने अगदी नीट लिहिली. काय करायचं, तर नाव बदलायचं. शार्दूल दाबकेच्या जागी देविका सबनीस. कुठे? त्याने ती ओळ रिकामी सोडली, कारण जिथवर गेली तिथवरून तिला परत आणायचं होतं. आणि या वेळी, पहिल्यांदाच, त्याने देविकाने शिकवलं तशी आधी कोरडी फेरी मारली.

यादी स्क्रीनवरून वर सरकू लागली. पॅकेजं. खण. डबा. प्रगतिपुस्तक. उंचीच्या खुणा. सुहासिनीकाकू. शार्दूलने श्वास सोडला. पण यादी थांबली नाही.

कोथरूड / देवघर / पत्रिका
कोथरूड / शाळेचा दाखला
कोथरूड / बाबा
कोथरूड / आई

तिथे त्याने स्वतःच फेरी थांबवली. त्याला कळायला फार वेळ लागला नाही, हे त्याचं रोजचंच काम होतं. दोन नावं एकात मिसळली की त्यातलं मूळचं कोणाचं हे फेरीला सांगता येत नाही. तिच्या लेखी आता सगळे शार्दूल सारखे होते. ती उलटी फिरवली तर देविकाचं सगळं देविकाला मिळेल, आणि शार्दूलचंही सगळं देविकालाच मिळेल. मग त्या पडद्यामागे कोण उभं राहील, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

एक वाट होती. ‘कुठे’च्या ओळीत फक्त देविकाच्या जागा लिहायच्या, एकेक करून, हाताने. लाख-सव्वा लाख जागा. तिचं बारसं, तिच्या शाळा, तिच्या मैत्रिणी, तिने कुणाला लिहिलेली चिठ्ठी, कुणाच्या वहीत राहिलेलं नाव. महिने लागले असते, पण झालं असतं. मात्र त्या जागा फक्त एका माणसाला ठाऊक होत्या. तिला समोर बसवायचं, तिच्या तोंडाकडे बघायचं, तुझं मी असं असं केलं म्हणून सांगायचं, आणि मग विचारायचं, पहिली जागा कुठली.

चपलांचा आवाज पडद्याबाहेर आला. चार पावलांवर थांबला नाही. पाचवं, सहावं. त्याच्या खुर्चीमागे येऊन थांबला. त्याच्या खांद्यावरून एक हात पुढे आला आणि स्क्रीनवर, त्या रिकाम्या ओळीवर, बोट टेकलं. नखाला शाई लागलेली होती. कुणी ओरडलं नाही, कुणी त्याला दोष दिला नाही. ते बोट नुसतं तिथे टेकून राहिलं, तीन वर्षं ती त्याच्या चुका दाखवायची तसं.

मान वर करून मागे बघायचं होतं. एवढंच. तिला तेवढंच हवं होतं आणि त्याच्या हातात अजून तेवढं होतं. शार्दूलच्या डोळ्यांत पाणी आलं, मान लाजेने जड झाली आणि वर उठेना. आता नको, सोमवारी, त्याच्या मनात आलं. सोमवारी नक्की.

त्याने लॅपटॉप हळूच मिटला. बोट मध्ये सापडू नये म्हणून क्षणभर थांबलासुद्धा. ते आपणहून मागे गेलं. पावलं मागच्या खोलीत गेली आणि पडदा जागेवर आला.

“झालं काम?” काकूंनी विचारलं.

“हो.”

त्यांनी गरम भात वाढला, वर तूप घातलं, बाजूला तोंडल्याची भाजी वाढली. शार्दूलने मान खाली घालून पहिला घास घेतला. भाजी चांगली झाली होती. त्याला ती फार आवडली, आणि आपल्याला ती आवडते आहे हे त्याला कळलं. तरी तो जेवत राहिला. पलीकडे चार पावलं, थांबणं, चार पावलं.

“आणखी भाजी?” काकू म्हणाल्या.

शार्दूलने ताट पुढे केलं. “वाढ ना, आई,” तो म्हणाला.